लपवून घेतलेली गोळी

शाबानचा महिना निम्मा सरला की आमच्याकडे दोन चौकश्या सुरू होतात. खजूर कुठून मागवायचे आणि रमजानात शाळेची वेळ बदलणार का. गेल्या दोन-तीन वर्षांत मला तिसरा एक प्रश्न येऊ लागला आहे, पण तो कुजबुजत. पालकसभा संपते, बायका उठतात, एखादी आई मात्र मागे रेंगाळते. मुलाच्या वह्या चाळल्यासारखं करते. वर्ग रिकामा झाला की हळूच म्हणते, "आपा, रमजान में तुम वो गोली कब लेते?"

"वो गोली" म्हणजे कोणती, हे आम्हा दोघींनाही माहीत असतं. उदासीवरची, डॉक्टरांच्या भाषेत अँटिडिप्रेसंट. हा प्रश्न खरं तर ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारायचा. ती मला विचारते, कारण भोरमध्ये ही गोळी मी घेत होते असं उघडपणे सांगणारी तिच्या ओळखीतली मी एकटीच. मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी, बी.एड. झालेली बाई आहे. पण ही गोळी चुकीच्या पद्धतीने कशी घ्यावी याचा मला चांगला अनुभव आहे, आणि त्या चुका माझ्या पुरत्या संपल्या नाहीत, असं आजूबाजूला पाहून वाटतं. म्हणून लिहिते आहे.

अब्बा २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. रडू आलं ते पहिल्या महिन्यात. त्यानंतर रडूही येईना. पहाटे तीनला जाग यायची आणि परत डोळा लागायचा नाही. सुरुवातीला मी स्वतःचीच समजूत घातली की अल्लाहने तहज्जुदसाठी उठवलं. पण मुसल्ल्यावर बसूनही मन कुठे लागायचं नाही. जेवणाला चव नव्हती. चौथीच्या चाळीस वह्या तपासायला आठवडा लागू लागला. घरी-दारी सगळ्यांचा सल्ला एकच, सब्र कर. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर तोंडावर विचारलं, "इमान पक्का रहा तो गोली कायको लगती?" तोवर मी गोळी घेतलीही नव्हती. नुसतं डॉक्टरकडे जावं का, एवढंच बोलले होते.

शेवटी प्रशिक्षण आहे असं सांगून पुण्याला गेले आणि मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंना भेटले. त्यांनी एसिटालोप्राम नावाची गोळी दिली, दिवसातून एकदा. मी ती स्वारगेटजवळच्या दुकानातून घेतली. भोरच्या मेडिकलवाल्याची मुलगी माझ्या वर्गात होती. घरी आल्यावर पाकीट कपाटात उर्दू व्याकरणाच्या पुस्तकामागे ठेवलं. आमच्या घरात त्या पुस्तकाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

सात महिने ती गोळी तिथे राहिली, आणि या सात महिन्यांत जे जे बिघडलं, ते गोळीमुळे कमी आणि त्या पुस्तकामुळे जास्त.

पहिले दहा दिवस मळमळ. हातपाय स्वस्थ नाहीत. झोप आणखी विस्कटली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो, दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. तेव्हा ते ऐकलं होतं, पण दहाव्या दिवशी रात्री एकटीने ओट्याशी उभं राहून ते आठवत नाही. "अगं, सांगितलं होतं ना त्यांनी, थांब अजून थोडी," असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पुष्कळ लोक नेमके इथेच सोडतात. ज्या दिवशी त्रास सर्वांत जास्त आणि फायदा शून्य, त्या दिवशी. मग गावभर सांगतात की या गोळ्यांनी काही होत नाही, उलट बिघडतं.

मग गुडघा दुखायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत का? मी मान हलवली, नाही. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांत पोटात आग पडायला लागली. त्याचं कारण काय ते मी सांगू शकत नाही. पण एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या जातीच्या गोळ्यांबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांना हे माहीत होतंच. त्यांना माहीत नव्हती ती माझ्या कपाटातली गोष्ट. दुखण्यावर सर्रास दिली जाणारी ट्रामाडोलही या गोळ्यांबरोबर जड जाऊ शकते. दात काढायला गेलात, हाड मोडलं, साधा सर्दी-खोकला झाला, तरी ही गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं.

आणि मग २०२२ चा रमजान आला, एप्रिलच्या सुरुवातीला. तोवर मी बरी झाले होते. झोप लागत होती, वर्गात हसत होते. मनात आलं, आता काय गरज? शिवाय सहेरीला सगळं घर एका दस्तरखानावर. सासूबाईंच्या देखत पाकीट कुठून काढायचं? पहिल्या रोजाच्या आदल्या दिवशी गोळी बंद केली. एकदम.

तिसऱ्या-चौथ्या रोजाला मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं व्हायचं. फळ्यावर लिहिताना जमीन सरकायची. रात्री भयानक स्वप्नं. विनाकारण लेकीवर ओरडले. घरचे म्हणाले, उपवासाने चक्कर येते, उन्हाळा आहे. मला मात्र वाटलं की ही शिक्षा आहे. अल्लाहवर भरोसा ठेवायचा सोडून गोळीवर ठेवला, त्याची. हे लिहिताना आज हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. सहाव्या रोजाला पुन्हा पुण्याला गेले, पुन्हा खोटं सांगून. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "घरात कोणाला माहीत आहे?"

कोणालाच नाही, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, गोळी पुन्हा सुरू करू, इफ्तारनंतर घ्या, रोजे चालू ठेवायला माझी हरकत नाही. पण पुढच्या वेळी घरातलं एक माणूस बरोबर आणा. तेही औषधच समजा.

माझं म्हणणं एवढंच आहे. या गोळ्या नीट घेतल्या तर बहुतेकांना झेपणाऱ्या आहेत. त्यांना धोकादायक करतो तो आपला पडदा.

करंट लागल्यासारखं का होतं, ते डॉक्टरबाईंनी समजावलं. मेंदूला औषधाची सवय झालेली असते. ते अचानक काढून घेतलं की तो गडबडतो. हे व्यसन नव्हे. दारूसारखी तलफ येत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण जिना उतरायचा तो पायरीपायरीने, वरून उडी मारून नाही. काही गोळ्यांचं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीनचं, एकदम बंद करणं जास्त त्रास देतं. फ्लुओक्सेटीन शरीरात बरेच दिवस रेंगाळते, तिचं कमी. आणि बरं वाटलं म्हणून लगेच बंद करायची नसते. पहिलाच आजार असेल तरी बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार परततो.

"सवय लागते" ही जी भीती आहे तिला एक कारणही आहे, ते सांगायला हवं. आपल्याकडे उदासीची गोळी आणि क्लोनाझेपाम नावाची गोळी एकाच गोळीत मिसळून विकतात. ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' किंवा तसलं काहीतरी असतं. क्लोनाझेपामने झोप येते, घबराट लगेच थांबते, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. पण सवय लागते ती हिची. वर्षानुवर्षं जुनी चिठ्ठी दाखवून तेच पाकीट नेणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण दोन औषधं खातो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. पाकिटावर घटक छापलेले असतात. इंग्रजीत बारीक अक्षरात असतात, पण घरात दहावीची एक तरी मुलगी असतेच. तिच्याकडून वाचून घ्या. दोन नावं निघाली तर डॉक्टरला विचारा. ही मात्र स्वतःहून बंद करू नका. क्लोनाझेपाम अचानक सोडली तर फिटही येऊ शकते.

आणि आपली गोळी जावेला देऊ नये. "तुझ्यासारखंच होतंय तिला" हे निदान नव्हे. काही जणांची उदासी ही मोठ्या आजाराची एकच बाजू असते. मधूनच त्यांना झोपेशिवाय चालतं, पैसा उधळावासा वाटतो, डोक्यात शंभर योजना येतात. अशा माणसाला नुसती उदासीची गोळी दिली तर तो त्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. हे ओळखणं डॉक्टरचं काम, पण जुनी हकीकत सांगणं घरच्यांचं. पुन्हा तेच. घरच्यांना माहीत असेल तर ना!

वेल्ह्याकडच्या माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. कागदावर आता त्या तालुक्याचं नाव राजगड झालं आहे, पण आम्ही अजून वेल्हेच म्हणतो. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा. आमच्याकडे जसा तावीज, तसा त्यांच्याकडे आधी देवऋषी झाला, अंगारा झाला, मग पुण्याचा डॉक्टर. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मुलाच्या देखतच वडिलांना बजावलं, पहिले काही आठवडे याच्याकडे लक्ष ठेवा. पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला किंवा मात्रा बदलल्यावर कधी कधी बेचैनी वाढते, जीव नकोसा होण्याचे विचारही वाढू शकतात. अमेरिकेत २००४ पासून या औषधांवर तसा ठळक इशारा छापतात. याचा अर्थ मुलांना गोळी देऊ नये असा नाही. आजार तसाच सोडणं त्याहून वाईट. अर्थ एवढाच की त्याला एकटं सोडू नये. सरांनी गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या पेटीत ठेवलं, रोजची गोळी स्वतःच्या हाताने दिली, आणि भाताच्या फवारणीचं औषध घरातून हलवून भावाच्या गोठ्यात कुलपात ठेवलं. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. यात हुशारी कोणती होती? बापाला सगळं ठाऊक होतं, इतकंच.

त्यांचीच दुसरी अडचण पावसाची. केळद, पासलीकडे जुलैत पाऊस लागला की दरड कुठे पडेल आणि एसटी कधी बंद होईल याचा नेम नाही. आमच्या बाजूला वरंधा घाटाखालच्या गावांचं तेच. महिन्याची गोळी महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणायची म्हणजे नशिबावर हवाला. आषाढापूर्वी पंधरा दिवसांची जास्तीची गोळी लिहून मागा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. मात्र जिथे जिवाचा धोका आहे त्या घरात साठा करायचा तो माणूस सांभाळणाऱ्याच्या ताब्यात. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीच्या वेळी एकच घ्या.

म्हाताऱ्यांबद्दल थोडंसं. आमच्या ओळखीतले एक चाचा बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेत होते, त्यात उदासीची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांनी ते असंबद्ध बोलायला लागले, दोनदा पडले. सगळे म्हणाले, उमर हो गई. रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. दोन्ही औषधं मिळून तसं करू शकतात. साध्या तपासणीत कळणारी गोष्ट.

आता रमजानच्या प्रश्नाचं उत्तर. दिवसातून एकदाची गोळी बहुतेक वेळा इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येते. झोप उडवणारी असेल तर सहेरीला, झोप आणणारी असेल तर रात्री. पण हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठरवायचं, चांद दिसल्यावर नाही. लिथियम घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. दिवसभर पाणी नसलं की रक्तात लिथियमचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय रोजा धरू नये. आजाऱ्याला रोजा सोडून पुढे भरून काढण्याची सवलत सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आहे, हे आमच्यातल्या लहान मुलालाही माहीत असतं. कावीळ झालेल्याला आपण ती लगेच देऊ करतो. मन आजारी असलेल्याने ती घेतली तर मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. का? अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. कारण असलेलं दुःख आणि कारणाशिवाय येणारं दुःख यांत त्यांनी तेव्हाच फरक केला होता, आणि दुसऱ्याचं मूळ शरीरात शोधलं होतं. इमान कमी पडलं असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. हजार वर्षांनंतर आपण मात्र झालो.

पडदा नसला तर काय होतं, हे आपल्या शेजारी गोव्यात तपासून पाहिलं गेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि संगत संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग केला, २०१० मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टर. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार. उरलेल्या ठिकाणी डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशक. त्या रुग्णाशी बोलत, आजार समजावून सांगत. गोळी सगळ्यांना नव्हती. जास्त त्रास असलेल्यांना होती, आणि ती नीट घेतली जाते का याची विचारपूस होई. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण अशा ठिकाणी ६५.९ टक्के निघालं, नेहमीच्या ठिकाणी ४२.५. खासगी डॉक्टरांकडे असा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याचं कारण काय असावं? मला वाटतं, फॅमिली डॉक्टर माणसाला आधीपासूनच नावाने ओळखत असेल. सरकारी रांगेत तेवढंच मिळत नाही.

क्षयाच्या रुग्णाची गोळी घेतली का हे विचारायला आमच्या वस्तीत आशाताई येतात, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. गंमत अशी की उदासीच्या पहिल्या गोळ्यांपैकी एक क्षयाच्याच दवाखान्यात सापडली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी अचानक हसू-बोलू लागले, त्यावरून. एका दुखण्याच्या गोळीला विचारपूस आणि दुसरीला पडदा, हे आपणच ठरवलेलं आहे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मानधन तुटपुंजं. त्यांना हे काम फुकटात चिकटवा, असं मी म्हणणार नाही. पण तालुक्याला गोळी पोचवणाऱ्या सरकारने गोळीमागे विचारणारं माणूसही पोचवावं, पगार देऊन. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, २०२२ पासून. त्यावर मराठीतही बोलता येतं.

"आपा, तुमचं ठीक आहे, तुमचा नवरा चांगला," असं मला एकीने सुनावलं. खरं आहे. एका घरात पाकीट सापडल्यावर सुनेला माहेरी पाठवल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून जगजाहीर करा असं मी कोणालाच म्हणत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, तो तुमचाच आहे. जमातीला, शाळेला, मोहल्ल्याला सांगायची गरज नाही. प्रत्येक डॉक्टरला सांगा, आणि एका माणसाला. नवरा नसेल तर बहीण, बहीण नसेल तर मैत्रीण. दिवस गेले आहेत असं कळलं तरी आधी डॉक्टरला फोन करा, घाबरून गोळी फेकू नका.

मी नवऱ्याला त्याच रमजानच्या विसाव्या रोजाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि मी समजत होतो, तू माझ्यावर रुसली आहेस." सासूबाईंना मी सांगितलं नाही, त्याने सांगितलं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मगरीबची अजान झाली, रोजा सोडला, तर माझ्या ताटलीत तीन खजुरांच्या शेजारी ते पाकीट ठेवलेलं होतं. व्याकरणाच्या पुस्तकामागून त्यांनी ते कसं शोधलं, ते मला आजवर कळलेलं नाही.